बाकी किती? किलिमांजारोच्या उतारावरच्या शाळेत २१ दिवस

दिवस १, शनिवार

दुपारी विमान उतरलं तेव्हा डोंगर काही दिसला नाही, सगळा ढगात. मुंबईहून आदिस अबाबा, तिथून टांझानियाचं दुसरं विमान, घड्याळ अडीच तास मागे आणि हातात पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड. परमिटचं काम मला बोलावणाऱ्या संस्थेनं आधीच करून ठेवलं होतं. हे मुद्दाम लिहितेय कारण टुरिस्ट व्हिसावर जाऊन शाळेत शिकवता येत नाही, फुकट शिकवलं तरी ते कामच धरतात, तेव्हा कोणी जायचा विचार करत असेल तर हे आधी बघा.

मी साक्री तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं, त्यातलं बरंचसं गणित, अठ्ठावन्नला रिटायर झाले. भाचा दार-एस-सलामला नोकरीला आहे, त्याच्या ओळखीतून ही छोटी स्थानिक संस्था कळली, त्यांना गणिताचं कोणीतरी हवं होतं, तीन आठवड्यांसाठी का होईना. घरी सगळे म्हणाले या वयात कशाला. मला जायचं होतं.

न्यायला आलेल्या मुलीनं बॅग हातातून घेतली आणि पहिलं वाक्य बोलली, "पोले ना सफारी." म्हणजे प्रवासाचा त्रास झाला असेल हो. पोले हा फार चांगला शब्द आहे, ठेच लागलेल्याला पोले, आजाऱ्याला पोले, डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाईलाही पोले, तुझे कष्ट मला दिसतायत एवढंच सांगायचं. आपल्याकडे याला एक शब्द नाही, मी पुष्कळ आठवून पाहिला.

मोशी शहर मागे पडलं, मग हिमो नावाचा फाटा, तिथून मारांगूच्या बाजूला चढ लागला आणि कोरडा मुलूख एकदम हिरवा झाला. केळीच केळी, खाली कॉफीची झुडपं, वर मोठी झाडं सावलीला. याला किहांबा म्हणतात, घराभोवतीची वडिलोपार्जित बाग. इथले लोक चागा, घरात किचागा बोलतात, बाहेर स्वाहिली.

घरमालकीण माझ्याच वयाची. तिला सगळे मामा म्हणतात कारण स्वाहिलीत मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे ताई! रात्री बहिणीचा फोन आला, "कशी शे वं ताई?" म्हटलं बेस शे, इथं मी दादा आहे, तर तिला कितीतरी वेळ पटेचना.

दिवस २, रविवार

पहाटे मामानं दारावर थाप मारून बाहेर बोलावलं. डोंगर उघडा पडला होता. ५,८९५ मीटर, माथ्यावर बर्फ, आणि आम्ही केळीच्या बागेत शाल घेऊन उभ्या. अर्ध्या तासात पुन्हा ढग. १९१२ पासून तिथला ८० टक्क्यांहून जास्त बर्फ संपलाय. मामा हाताने दाखवत होती, माझ्या लहानपणी इथपर्यंत होतं, आता बघ.

मग मामाबरोबर चर्चला. गाणी फार सुरेख म्हणतात, चार-चार सुरांत, पेटी नाही काही नाही. प्रार्थना झाल्यावर बाहेर अंगणात लिलाव. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते देवाला अंडी, केळ्याचा घड, कोंबडी असं काहीबाही देतात आणि नंतर त्याची बोली लागते. आपल्याकडे गणपतीच्या नारळाचा लिलाव होतो तसाच, तेच हसू, तेच एकमेकांना चढवणं. मी केळ्याचा एक घड घेतला, जरा महागच, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवसापासून गावात माझी ओळख झाली.

दिवस ३, सोमवार

काल शाळेतून निरोप होता की "सा म्बिली"ला या. सा म्हणजे तास, म्बिली म्हणजे दोन. मी धरलं दुपारी दोन. मामानं सकाळी सातला चहा हातात दिला आणि घाई करायला लागली तेव्हा उलगडा झाला. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर मोजायला लागतात, त्यामुळे आपले सात म्हणजे त्यांचा एक आणि आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण त्याच वेळेला उगवतो, त्यामुळे हे इथं अगदी नीट बसतं. माझी आजीसुद्धा दिवस असाच मोजायची, उन्हं ओट्यावर आली, उन्हं भिंतीवर चढली.

शाळा माध्यमिक, सरकारी, चालत वीस मिनिटं. घंटा म्हणजे झाडाला टांगलेली ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग. मुलं अंगण झाडत होती, ज्यांच्या वाट्याला पाणी ते कॅन घेऊन. हेडसरांच्या खोलीत राष्ट्राध्यक्षांच्या फोटोशेजारी न्येरेरेंचा फोटो. ज्युलियस न्येरेरे, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, आधी शाळामास्तर, आणि अजूनही लोक त्यांना नुसतं "म्वालिमू" म्हणतात, म्हणजे गुरुजी. ज्या देशात सगळ्यात मोठी पदवी गुरुजी ही आहे तिथं मी आलेय याचा मला त्या खोलीत उभं असताना खरंच अभिमान वाटला.

मुलं जाता-येता "शिकामो" म्हणतात, मोठ्यांनी "माराहाबा" म्हणायचं. शिकामो म्हणजे मूळात "तुमचे पाय धरतो". अर्थ कळल्यापासून मी प्रत्येकाला थांबून माराहाबा म्हणतेय, मनातल्या मनात सुखी रहा बाळा.

वर्ग फॉर्म वन, आपली आठवी समजा. ७१ मुलं, एका बाकावर तिघं. इथं प्राथमिकची सात वर्षं सरकारी शाळेत सगळं स्वाहिलीतून, सातवीची बोर्डाची परीक्षाही स्वाहिलीत, आणि जानेवारीत फॉर्म वनला बसलं की गणित, विज्ञान, भूगोल सगळं इंग्रजीतून. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजी पक्कं करायला देतात, पण सात वर्षांचं काही आठवड्यांत कसं भरून निघणार? वर्गाबाहेर भिंतीवर पाटी, फक्त इंग्रजीत बोला. घरात किचागा, शाळेत स्वाहिली, आता ही तिसरी.

दिवस ४, मंगळवार

गणिताच्या सरांना मी आधीच सांगितलं होतं की मी एकटी वर्ग घेणार नाही, तुमच्याबरोबर उभी राहीन, कारण तीन आठवड्यांनी मी जाणार आणि वर्ग तुमचाच आहे. सर तिशीतले, शांत, हुशार.

मुलांना कुठपर्यंत येतंय बघायला फळ्यावर एक गणित लिहिलं, सरांच्या पुस्तकातल्यासारखंच. "अ फार्मर हॅड फोर सॅक्स ऑफ मेझ. ईच सॅक हेल्ड सिक्स टिन्स. ही सोल्ड हाफ. हाऊ मेनी टिन्स रिमेन्ड?" चार पोती मका, प्रत्येक पोत्यात सहा डबे, निम्मा विकला, उरले किती.

वह्या गोळा केल्या. ७१ पैकी ९ जणांचं उत्तर १२. बाकी जवळजवळ सगळ्यांनी १०. काहींनी २४ वर सोडून दिलं होतं, काहींची पानं कोरी.

दहा का? चार अधिक सहा. फळ्यावर दोन आकडे दिसले, मधलं काही कळलं नाही, तर केली बेरीज. सर म्हणाले प्राथमिकचा पाया कच्चा आहे बाई, दरवर्षी हेच. मी मान हलवली. मीही आयुष्यभर हेच वाक्य बोलत आले होते.

रात्री झोप लागली नाही. लाईट गेलेली, बाहेर केळीच्या पानांचा आवाज, आणि मला सारखी एक मुलगी आठवत होती. नव्वदच्या दशकात मी पिंपळनेरच्या पश्चिमेला एका पाड्यावर होते. मुलं घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलायची, भिलाऊ बोलायची, आणि मी पुस्तकातलं मराठी. ती मुलगी आठवडी बाजारात आईबरोबर सीताफळं विकायची, डझनाचा, अर्ध्या डझनाचा, तुटक्या फळाचा भाव तोंडावर, सुट्टे पैसे परत देताना कधी चुकायची नाही, मी स्वतः तिच्याकडून घेतलीत. आणि पाटीवर "प्रत्येकी" आलं की गप्प. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, गणित कच्चं. चौथीनंतर ती आली नाही. तिचं गणित कच्चं नव्हतं. हे मला कळायला एवढी वर्षं आणि एवढा प्रवास लागला.

दिवस ५, बुधवार

सरांना म्हटलं, कालचंच गणित आज स्वाहिलीत वाचाल का, फक्त वाचा, काही समजावू नका. सरांनी दार लोटून घेतलं, भिंतीवरच्या पाटीमुळे असेल, आणि वाचलं. "म्कुलिमा आलिकुवा ना मागुनिया मान्ने. किला गुनिया लिना मादेबे सिता. आकाउझा नुसु. यामेबाकी मादेबे मांगापी?"

वाचून पुरं होईपर्यंत मागच्या बाकांवरून आवाज, "कुमी ना म्बिली!" बारा. मग पुढून, मग खिडकीकडून. काल ज्यांनी दहा लिहिलं तीच मुलं.

आणि मी तिथं उभी, मला स्वाहिली येत नाही, पण गणित मला कळलं होतं. गुनिया म्हणजे गोणी. देबे म्हणजे डबा, पत्र्याचा डबा, धान्य मोजायचं इथलं माप तेच. आणि शेवटचं ते यामेबाकी, त्यात बाकी आहे. बाकी! आपलीच बाकी. सरांना विचारलं वजाबाकी करून उरतं त्याला काय म्हणता, म्हणाले "बाकी". मला इतका आनंद झाला की मी फळ्यावर देवनागरीत बाकी लिहून दाखवलं आणि मुलांनी ते एकसुरात वाचलं, म्हणजे मी वाचलं आणि त्यांनी म्हटलं.

मग उरलेला तास आम्ही शब्द वेचत बसलो. हेसाबू म्हणजे हिशोब, गणित. जुम्ला म्हणजे एकूण बेरीज, आपल्या जुन्या वह्यांत जुमला असायचा तोच. कुझिदिशा म्हणजे गुणाकार, वाढवणं, त्यात आपलं ज्यादा लपलेलं. कालामू, किताबू. दाफ्तारी म्हणजे वही, आपण दप्तर पाठीला अडकवतो ते इथं लिहायला घेतात. आणि लाकी! एक लाख म्हणजे लाकी मोजा, त्यांच्यात मोजा म्हणजे एक. इथले पैसे हजारांत-लाखांत मोजतात, मुलांना लाखाचा हिशोब घरातून येतो, बकरीचा भाव, गाईचा भाव. इंग्रजीत त्याचं होतं हंड्रेड थाउजंड, मग मुलं शून्यं मोजत बसतात. माझीही सवय लाखाचीच. मी आणि ही ७१ मुलं लाखावर एकमेकांना समजत होतो आणि मध्ये इंग्रजी उभी होती.

अरबस्तानातून आणि हिंदुस्थानातून शेकडो वर्षं व्यापारी या किनाऱ्याला येत राहिले, गलबतं वाऱ्यावर यायची आणि वाऱ्यावर परत जायची, त्यातून हे शब्द इथंही आले आणि दुसऱ्या वाटेनं आपल्याकडेही. पुस्तकात वाचणं वेगळं आणि वर्गात अचानक कानावर पडणं वेगळं.

दिवस ६ ते ८

सरांशी खरी चर्चा गुरुवारी झाली, मधल्या सुट्टीत, माकांडे खाताना. माकांडे म्हणजे मका आणि राजम्यासारखे दाणे एकत्र शिजवलेले, शाळेचं जेवण, धान्य पालक आणून देतात. आपल्या घुगऱ्यांची आठवण येते. २०१६ पासून सरकारी शाळेत फी नाही, पण जेवणाचं असं गावानंच बघायचं.

सर म्हणाले, बाई, तुमचं पटतं, पण फॉर्म टूला राष्ट्रीय परीक्षा आहे, तिच्यात पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि पेपर इंग्रजीत येतो. मी स्वाहिलीत शिकवलं आणि मूल पेपरात अडकलं तर त्याच्या आईला मी काय सांगू?

याला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. बाहेरून येऊन तीन आठवड्यांत त्यांच्या देशाचं धोरण चुकीचं आहे म्हणणं मला शोभत नाही. आपल्याकडे तरी काय, सेमी-इंग्रजी सुरू झालं तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना भागाकार येत होता आणि डिव्हिजन येत नव्हतं, आणि पालक हौसेनं सेमीच मागत होते, कारण पोरगं मागे पडू नये. त्या आईबापांना मी कधीही दोष देणार नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून असं ठरवलं. आधी गणित स्वाहिलीत ऐकायचं आणि तोंडी सोडवायचं. मग तेच इंग्रजीत वाचायचं आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या जागी आला ते बोटानं दाखवायचं. मग लिहायचं इंग्रजीतच. दार लोटायचं नाही, हे सरांनीच सांगितलं, मी हेडसरांशी बोलतो म्हणाले, आणि बोलले. हेडसर म्हणाले करून बघा.

शुक्रवारी आणि शनिवारी मामाच्या ओट्यावर बसून तक्ते केले. सिमेंटच्या कागदी पिशव्या उलट्या करून, आतली बाजू स्वच्छ असते. डावीकडे स्वाहिली, उजवीकडे इंग्रजी. किला म्हणजे ईच. नुसु म्हणजे हाफ. जुम्ला म्हणजे टोटल, ऑलटुगेदर, सम, तिन्ही. इथंच मोठी गोम आहे, स्वाहिलीत एक शब्द आणि इंग्रजी पुस्तकात त्याला तीन-चार वेगवेगळे, आणि मुलाला वाटतं दर वेळी नवीनच काहीतरी विचारलंय.

दिवस ९, रविवार

आज मामाचा भाऊ मला म्फोंगो बघायला घेऊन गेला. डोंगरावरच्या ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला वळवून उतारानं मातीच्या पाटातून बागांत आणतात, काही पाट कित्येक पिढ्यांपूर्वीचे. कोणाला कधी पाणी, किती वेळ, हे ठरलेलं, आणि पाट फुटला की ज्याचं-ज्याचं पाणी त्यानं दुरुस्तीला यायचंच.

मी पांझरेच्या काठची. आमच्याकडे फड पद्धत, नदीवर बंधारा, पाट, पाटकरी पाणी फिरवणार, जागल्या राखण करणार. मी त्या म्हाताऱ्या माणसाला मातीत काडीनं रेघा ओढून आमचा बंधारा आणि फड दाखवले. त्यानं काडी घेतली आणि माझ्या नकाशात एक बाजूची वाट काढली, जास्तीचं पाणी नदीत परत सोडायला. ती आमच्याकडेही आहे, मी काढायची विसरले होते. आम्हाला एकमेकांचं एक अक्षर येत नव्हतं, मधे त्याची नात थोडं इंग्रजी सांगत होती, पण पाण्याचं सगळं बोलणं काडीवरच झालं.

येताना कॉफी सहकारी संघाच्या गोष्टी. इथला किलिमांजारोचा शेतकऱ्यांचा संघ १९३३ चा, म्हणजे आपल्या प्रवरेच्या कारखान्याच्याही आधीचा. घरी आल्यावर मामानं चहा केला. कॉफी विकायची, प्यायचा चहा.

दिवस ११, मंगळवार

आजचं लिहू की नको असं झालंय. शेजारच्या वर्गात उशिरा आलेल्या मुलांना फिंबो बसली. फिंबो म्हणजे छडी. आवाज आमच्या वर्गात येत होता, मुलांनी माना खाली घातल्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, खडू हातात तसाच.

इथं कायद्यानं छडीला मुभा आहे, हेडमास्तरांच्या परवानगीनं, चार छड्यांपर्यंत आणि नोंद करून. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद झाली. पण त्याच्या आधी माझ्याही टेबलावर छडी असायची आणि मी ती वापरलीय. म्हणून मी कोणाला उपदेश करायला गेले नाही. संध्याकाळी सरांबरोबर उतरताना फक्त एवढं सांगितलं की मी मारायची, आणि ज्यांना मारलं त्यातलं एकही पोरगं त्यामुळे गणित शिकलं नाही, आणि आज मला त्यांचे चेहरे आठवतात, मार्क आठवत नाहीत. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी शिकलो तेव्हा मलाही खूप बसलीय. फाट्यावर आम्ही वेगळे झालो.

दिवस १३ ते १६

गुरुवारी एक भारी गोष्ट लक्षात आली. स्वाहिलीत अकरा म्हणजे कुमी ना मोजा, दहा आणि एक. एकवीस म्हणजे इशिरिनी ना मोजा, वीस आणि एक. शेवटपर्यंत असंच सरळ. २०१९ ला आपल्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि मीही तेव्हा विरोधात होते, त्रेसष्ट आणि एकोणऐंशी ही आपली भाषा आहे, ती कशी सोडायची. अजूनही मला ती सोडवत नाही. पण इथल्या पोरांना मोठ्या आकड्यांची तोंडी बेरीज करताना बघितलं तेव्हा दशक-एकक तोंडातच उलगडलेलं असतं त्याचा फायदा दिसला, हे मान्य करायला पाहिजे. मुलांना आपले आकडे म्हणून दाखवले. एकोणतीस, एकोणचाळीस, "पुढच्यातून एक कमी" हा हिशोब त्यांना इतका आवडला की दोन दिवस व्हरांड्यात एकोण-एकोण चाललं होतं.

शनिवारी मामाबरोबर चपाती केली. इथंही चपातीच म्हणतात, फक्त तेल लावून गुंडाळी करून लाटतात, आपल्या पराठ्यासारखी जाड. म्चिचा म्हणजे आपला माठ, लसूण घालून केला. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आता हातानं नीट वळता येते, आपल्या उकडीपेक्षा घट्ट असते. मामा मांस खाते, मी नाही, तर इतके दिवस ती माझ्यासाठी वेगळं पातेलं चढवत होती, एका शब्दानं बोलली नाही.

घराच्या हद्दीला लांब पानांची झाडं लावलेली असतात, इसाले. चागा लोकांत भांडण मिटवायचं, माफी मागायची तर त्याचं पान घेऊन जातात, आणि पान पुढे केलं की समोरच्यानं नाही म्हणायचं नसतं. मामानं सांगितलं, तिच्या सासूनं तिला एकदा दिलं होतं. कशासाठी ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला मात्र रात्री पुन्हा ती सीताफळवाली आठवली.

दिवस १७, सोमवार

तसंच गणित, नवे आकडे, फळ्यावर फक्त इंग्रजीत. पाच पोती, प्रत्येकी सहा डबे, निम्मे विकले, उरले किती. ६८ मुलं हजर होती. ४१ जणांनी १५ लिहिलं.

४१ म्हणजे सगळी नाहीत, आणि एकच साचा त्यांनी बऱ्याचदा घोटला होता हेही खरं, पुढच्या प्रकरणात नवे शब्द येतील आणि पुन्हा अडेल. हे सगळं मी आणि सर बोललो. पण ११ जण अजूनही पाच-सहाची बेरीज करून ११ लिहीत होते, त्यांच्या शेजारी सर स्वतः जाऊन बसले, बाकावर, तिघांत चौथे. मी त्यांना आधी कधी बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

दिवस १९, बुधवार

दुसऱ्या कुठल्याशा ग्रुपची दहा-बारा परदेशी मुलंमुली गाडीतून आली, एका दिवसासाठी. चांगली होती, प्रेमळ होती. भिंतीला रंग लावला, मुलांबरोबर फुटबॉल खेळले, खूप फोटो काढले आणि चारला गेले. मुलांनी स्वागताचं गाणं म्हटलं, निरोपाचंही. सर म्हणाले ही गाणी मुलांना पाठ आहेत, लागतातच. गणिताचे तीन तास बुडाले. मी फोटो काढले ते तक्त्यांचे आणि डोंगराचे, मुलांचे नाही, आईवडिलांना विचारल्याशिवाय कोणाच्या लेकराचा चेहरा आपल्या फोनमधून जगभर पाठवायचा हक्क मला कोणी दिला? आणि हेही लिहून ठेवते की तीन आठवडेसुद्धा कमीच. मी मुलांची नावं बरोबर म्हणायला लागले तोवर निघायची वेळ आली.

दिवस २०, गुरुवार

शेवटचा तास. आज मुलांनी गणितं करायची, म्हणजे रचायची. गट करून, आधी स्वाहिलीत, मग इंग्रजीत. केळ्यांची, बकऱ्यांची, डालाडालाच्या, म्हणजे इथल्या मिनीबसच्या, भाड्याची, चर्चमधल्या अंड्यांची गणितं आली. मागच्या बाकावरची एक मुलगी, तीन आठवड्यांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता, फळ्यापाशी आली आणि लिहिलं, मॅडमकडे २१ दिवस होते, २० वापरले. खाली इंग्रजीत प्रश्न न लिहिता नुसतं "बाकी?" लिहिलं, आणि तेही मी शिकवलेल्या देवनागरीत, ब जरा उलटा झाला होता.

मी तो ब दुरुस्त केला नाही.

दिवस २१, शुक्रवार

मामानं कॉफीच्या बियांची पुडी दिली, घरच्या झाडांची, भाजलेली. मी तिला माझी शाल दिली, पहिल्या पहाटे डोंगर बघताना अंगावर होती ती. ती म्हणाली पोले. मीही पोले म्हटलं.

सर हिमोपर्यंत माझ्याबरोबर डालाडालात आले, त्यांना तक्त्यांसाठी जाड कागद घ्यायचा होता, सिमेंटच्या पिशव्या पावसाळ्यात टिकायच्या नाहीत म्हणाले. मांडीवर वही, गाडीत वीसेक माणसं, एक कोंबडी, आणि सर नव्या शब्दांची यादी करत होते, पुढचं प्रकरण टक्केवारीचं आहे. मधेच थांबून विचारलं, बाई, तुमच्या भाषेत ईचला काय म्हणतात?

म्हटलं, प्रत्येकी.

त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, त्य काही जमेना, मग स्वाहिली धाटणीत "प्रातेकी" असं किलाच्या शेजारी तिसऱ्या रकान्यात लिहिलं. मी विचारलं तिसरा रकाना कशाला, तुमच्या मुलांना मराठी थोडीच लागणार आहे. ते म्हणाले, किचागासाठी आखलाय, आईला विचारून भरणार आहे, तोवर हा शब्द बसू दे तिथं. तेवढ्यात कंडक्टरनं छतावर थाप मारली, हिमो आलं.